बटण दाबलं, तरी डबा गप्प

जूनमध्ये शाळा उघडतात. उन्हाळाभर कुलूपबंद असलेल्या संगणक कक्षातली धूळ झटकली जाते, बोर्डावरचे स्विच खटाखट दाबले जातात आणि रांगेतले एखाद-दोन डेस्कटॉप काही केल्या सुरू होत नाहीत. एप्रिलमध्ये चांगले चालत होते, सुट्टीत कोणी हातही लावला नाही, मग बिघडले कसे? घराघरांतही हाच अनुभव येतो आणि ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान डबा उघडण्याआधीच होऊन जातं. खरं तर बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंत डब्यात ठरलेल्या क्रमाने काही निरोप दिले-घेतले जातात. त्यातला कुठला निरोप पोचला नाही, एवढंच शोधायचं असतं.

बटण वीज सोडत नाही

1981 च्या आयबीएम पीसीला बाजूला एक मोठा लाल खटका होता. तो वर केला की भिंतीतली वीज थेट त्यातून पुढे जायची आणि खाली केला की तुटायची. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स हा नवा आराखडा आणला आणि बटणाचं काम बदललं. आजच्या डेस्कटॉपच्या पुढच्या बटणामागे दोन बारीक वायरी असतात. बटण दाबल्यावर त्या क्षणभर एकमेकींना टेकतात, बस्स. त्यातून संगणक चालवणारी वीज जात नाही. ‘सुरू व्हायचं आहे’ अशी विनंती तेवढी मदरबोर्डकडे जाते.

विनंती ऐकायला कोणी तरी जागं असावं लागतं. म्हणून भिंतीवरचा स्विच चालू आहे तोवर डेस्कटॉप कधीच पूर्ण बंद नसतो. त्याच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पत्र्याच्या डब्यात, एक छोटा स्वतंत्र विभाग अखंड राबत असतो. जांभळ्या वायरीतून तो मदरबोर्डला 5 व्होल्ट देत राहतो. या स्टँडबाय विजेवर जागा असलेला बोर्ड बटणाची विनंती ऐकतो आणि हिरव्या वायरीचा दाब शून्यावर खेचतो. तो इशारा मिळाला की एसएमपीएसचा मुख्य भाग जागा होतो आणि पिवळ्या वायरीत 12, लाल वायरीत 5 आणि नारिंगी वायरीत 3.3 व्होल्ट येतात.

तरीही प्रोसेसर लगेच कामाला लागत नाही. गार्डने घंटी दिल्याशिवाय मोटरमन लोकल हलवत नाही, तसाच तो थांबवून ठेवलेला असतो. सगळे दाब पाच टक्क्यांच्या मर्यादेत स्थिरावले, की एसएमपीएस 100 ते 500 मिलिसेकंदांत राखाडी वायरीवरून ‘वीज ठीक आहे’ असं कळवतो. मग कुठे प्रोसेसर ठरलेल्या पत्त्यावरची पहिली आज्ञा वाचतो, रॅम तपासतो आणि पडद्यावर चित्र आणतो.

लक्षण नीट पाहा

हा क्रम कळला की ‘चालू होत नाही’ ही एकच तक्रार उरत नाही, तिचे चार वेगळे प्रकार दिसू लागतात.

पहिला प्रकार पूर्ण शांततेचा: दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. इथे तपास भिंतीपासून सुरू करावा. त्याच प्लगात मोबाइलचा चार्जर लावून बघा. यूपीएस मध्ये असेल तर तो वगळून डेस्कटॉप थेट भिंतीला जोडा. बॅटरी संपलेला यूपीएस संगणक मेल्याचा आभास सहज निर्माण करतो. पॉवर केबल बदलून बघा आणि एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच साफसफाईत बंद झालेला नाही ना, तेही पाहा. जुन्या एसएमपीएसवर 115 आणि 230 असा लाल खटका असतो. परदेशातून आलेलं मशीन 115 वर ठेवून आपल्या 230 व्होल्टला जोडलं, तर एसएमपीएस फटकन जळतो.

हे सगळं ठीक असेल तर मदरबोर्डवर एखादा छोटा दिवा लागला आहे का ते पाहा. बऱ्याच बोर्डांवर तो स्टँडबाय विजेवर जळतो. तो लागलेला असूनही बटणाला दाद मिळत नसेल, तर संशय बटणावर घ्यावा. बटणाच्या दोन वायरींचं कनेक्टर बोर्डावरून काढून रीसेट बटणाचं कनेक्टर त्या जागी लावा. रीसेट दाबल्यावर मशीन सुरू झालं, तर दोष केवळ एका स्वस्त बटणाचा होता.

दुसऱ्या प्रकारात पंखा एकदा हिसका देतो आणि थांबतो. म्हणजे एसएमपीएस जागा झाला, पण कुठे तरी शॉर्ट आढळल्यामुळे त्याने स्वतःला बंद करून घेतलं. मुख्य केबल काढा, एखादा मिनिट थांबा, मग हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, यूएसबीला लावलेल्या वस्तू असं सगळं सोडवून फक्त बोर्ड, प्रोसेसर आणि एक रॅम ठेवून पुन्हा प्रयत्न करा. सुरू झालं, तर केबल काढून एकेक वस्तू परत जोडत जा. ज्या वस्तूनंतर पुन्हा हिसका बसेल ती दोषी. मदरबोर्डखाली पडलेला एखादा स्क्रूही असाच शॉर्ट करतो.

तिसऱ्या प्रकारात पंखे फिरतात, पण पडदा काळा राहतो. इथे वीज पोचली आहे, म्हणून एसएमपीएस बदलण्याची घाई नको. मॉनिटरची केबल बघा, रॅम काढून तिचे सोनेरी दात स्वच्छ करून घट्ट बसवा. प्रोसेसरजवळचं चार किंवा आठ पिनांचं वेगळं कनेक्टर निसटलं असेल तरी हेच घडतं. त्यातून येणारे 12 व्होल्ट बोर्ड प्रोसेसरसाठी सुमारे एका व्होल्टवर उतरवतो. 100 वॉटच्या प्रोसेसरला एका व्होल्टवर 100 अँपिअर लागतात! प्रोसेसरभोवती कॉइल आणि कपॅसिटरची गर्दी असते ती यासाठीच.

चौथ्या प्रकारात मशीन सुरू होतं आणि चार-पाच सेकंदांत आपोआप बंद पडतं. पॉवर बटण चार सेकंद दाबून धरलं की संगणक सक्तीने बंद व्हावा, अशी योजना केलेली असते. बटण आत अडकून राहिलं, तर मशीनला तोच आदेश मिळत राहतो.

थंड सुरुवात आणि म्हातारा कपॅसिटर

आता सुट्टीनंतरच्या कोड्याकडे येऊ. 230 व्होल्ट हा आपल्या घरच्या विजेचा परिणामी आकडा. तिची लाट शिखरावर 325 व्होल्टपर्यंत पोचते. एसएमपीएस आधी त्या विजेचा साधारण 325 व्होल्टचा एकदिश प्रवाह करतो आणि मग तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. वारंवारता जितकी जास्त, तितका ट्रान्सफॉर्मर लहान चालतो. एरवी ओंजळभर लोखंड लागलं असतं, ते काम काडेपेटीएवढा तुकडा करतो.

या चालू-बंदमधले खड्डे भरून काढण्याचं काम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर करतात. त्यांच्या आत द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू आटतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. स्टँडबाय विभाग संगणक ‘बंद’ असतानाही राबतो, त्यामुळे स्विच चालू राहणाऱ्या जागी त्यातले कपॅसिटर मुख्य भागाच्या कितीतरी जास्त तास झिजतात. म्हातारा झालेला कपॅसिटर चालत्या, तापलेल्या मशीनमध्ये कसाबसा निभावून नेतो. पण वीज पूर्ण तुटून सगळं गार झालं, की थंडावलेल्या द्रवाचा विरोध वाढतो आणि स्टँडबाय विभागच उठत नाही. सुट्टीने मशीन बिघडवलं नाही; आधीचं दुखणं उघडं पाडलं. अर्धा तास वीज चालू ठेवल्यावर जे मशीन सुरू होतं, त्याचा एसएमपीएस लवकरच बदलावा लागणार, हे समजून घ्यावं.

रोज रात्री भिंतीवरचा स्विच बंद करण्याच्या सवयीला याची दुसरी बाजू आहे. स्टँडबायची झीज वाचते, पण त्या तासांत संगणकाचं घड्याळ बोर्डावरच्या 3 व्होल्टच्या नाण्याएवढ्या सीआर2032 सेलवर चालतं आणि तो लवकर संपतो. तारीख मागे गेलेली दिसली की तो बदलावा. मशीन अजिबात सुरू न होण्याचं कारण मात्र तो क्वचितच असतो.

हात कुठे थांबवायचा

मल्टिमीटर असेल आणि तो वापरता येत असेल, तर जांभळी आणि काळी वायर मोजावी. 24 पिनांच्या कनेक्टरवर जांभळी नववी असते. तिथे 5 व्होल्ट नसतील तर दोष एसएमपीएसकडे किंवा त्याच्या आधी आहे. ते असतील, बटण दाबल्यावर सोळाव्या पिनेवरची हिरवी शून्याकडे जात असेल आणि तरीही पंखा हलत नसेल, तर दोष पुन्हा एसएमपीएसचाच. किंवा शॉर्ट पाहून तो माघार घेतो आहे. हिरवी खाली येतच नसेल तर बटण किंवा बोर्ड. काही ब्रँडेड मशीनमध्ये कनेक्टर आणि रंग वेगळे असतात, तिथे हा हिशेब लावू नये.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट काही काळ साठून राहू शकतात. त्याची दुरुस्ती प्रशिक्षित माणसाने करावी किंवा डबा सरळ बदलावा.

दुकानात जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्या: भिंतीची वीज, केबल आणि यूपीएस तपासले का, दिवा लागतो का, पंखा फिरतो, हिसकतो की गप्प राहतो, रॅम काढून बसवली का. तंत्रज्ञाचा निम्मा तपास तिथेच होतो आणि ‘मदरबोर्ड गेला’ असं कोणी म्हटलं, तर ते कशावरून हे विचारण्याइतकी माहिती तुमच्याजवळ असते.