पोलीस बलप्रयोग

पोलीस बलप्रयोग : सार्वजनिक सुव्यवस्था राखण्यासाठी किंवा आरोपीस अटक करण्यासाठी पोलिसांनी केलेला शारीरिक शक्तीचा वा शस्त्रांचा वापर. लाठीमार, अश्रुधूर व गोळीबार हे त्याचे चढते प्रकार होत. बेकायदेशीर जमाव पांगविण्याचा अधिकार १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. बळ गरजेपुरतेच वापरावे, हे त्यामागील तत्त्व. मात्र अशा कारवाईबद्दल पोलिसांवर खटला भरण्यास शासनाची पूर्वमंजुरी लागते. ज्या शासनाचे पोलीस, त्याच्याच मंजुरीवर खटला अवलंबून राहणे, ही या तरतुदीतील मोठी उणीव होय.

कोल्हापूर संस्थानातील गारगोटीच्या कचेरीवर १३ डिसेंबर १९४२ रोजी क्रांतिकारकांनी हल्ला केला, तेव्हा पहाऱ्यावरील शिपायांच्या गोळीबारात सात जण मरण पावले. त्यांत मुरगूडचे तुकाराम भारमल होते. त्या काळी वाद राजसत्तेच्या वैधतेचाच होता; स्वातंत्र्यानंतर तो उत्तरदायित्वाचा झाला. संयुक्त महाराष्ट्र आंदोलनात मुंबईत झालेल्या गोळीबारांची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ मध्ये राजीनाम्याच्या निवेदनात या नकारावर टीका केली.

घाटकोपर (मुंबई) येथील रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे सकाळी आढळले. रस्त्यावर आलेल्या रहिवाशांवर राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. त्यात १० जण ठार झाले. जमाव इंधनाचे टँकर पेटविणार होता, असे पोलिसांचे म्हणणे. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने मात्र गोळीबार असमर्थनीय ठरविला. तुकडीच्या प्रमुखास सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली ती २००९ मध्ये, म्हणजे १२ वर्षांनी. पुढे उच्च न्यायालयाने त्यास जामीन दिला. आयोगाचा निष्कर्ष न्यायालयावर बंधनकारक नसतो, पुरावा तेथे नव्याने द्यावा लागतो. विलंबाचे हेही एक कारण.

१९९५–९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ व्यक्ती मारल्या गेल्या. त्यासंबंधीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ निर्देश दिले. त्यांनुसार चकमकीतील मृत्यूचा तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावयाचा असतो व दंडाधिकारी चौकशीही आवश्यक असते. त्यापूर्वी, १९९६ मध्ये, डी. के. बसू खटल्यात अटकेचा पंचनामा, आप्तांना सूचना व वैद्यकीय तपासणी यांविषयीचे नियम घालून दिले गेले होते. तर पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश २००६ चा आहे.