इलबर्ट बिलाविरुद्धची चळवळ व तिचे कागद

अकबरनाम्याचें इंग्रजी भाषांतर करणारे हेन्री बेव्हरिज, आणि बाबरनाम्याचें तुर्कीवरून व गुलबदन बेगमेच्या हुमायूननाम्याचें फारसीवरून भाषांतर करणाऱ्या त्यांच्या पत्नी अ‍ॅनेट बेव्हरिज, हीं नांवें मोगल साधनें हाताळणाऱ्या वाचकांस अपरिचित नाहींत. हीं विद्वान् पतिपत्नी इ. स. १८८३ मध्यें एका सार्वजनिक वादांत परस्परविरुद्ध बाजूंस उभीं होतीं, ही गोष्ट मात्र तितकीशी ठाऊक नसते. तो वाद इलबर्ट बिलाचा. सरकारविरुद्ध उठलेल्या एखाद्या लोकचळवळींत वर्णद्वेषाचा वांटा किती होता, हें तिच्या कागदपत्रांवरून कसें ठरवावें, याचें हें प्रकरण उत्तम उदाहरण असल्यामुळें त्याचा येथें विचार करावयाचा आहे.

मूळ प्रश्न दिसावयास लहान होता. १८७२ च्या फौजदारी संहितेनें जिल्ह्यांतील गोऱ्या आरोपींवरील खटले ठराविक मर्यादेपर्यंत तेथल्या तेथें चालविण्याची सोय केली; परंतु खटला चालविणारा अधिकारी स्वतः 'यूरोपियन ब्रिटिश प्रजाजन' असला पाहिजे, अशी अट घातली. १८७७ त इलाख्यांच्या राजधान्यांपुरती ही अट निघाली. यांतून उत्पन्न झालेली विसंगति बिहारीलाल गुप्त यांनीं १८८२ च्या आरंभीं एका टिपणांत दाखविली. कलकत्त्यास प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट असतां हिंदी अधिकाऱ्यास गोऱ्याचा न्याय करतां येई. बढती मिळून तो जिल्ह्यांत गेला कीं तोच अधिकार नाहींसा होई! बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर अ‍ॅशली ईडन यांनीं तें टिपण वर धाडलें, आणि लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दींत कायदेमंत्री कोर्टनी इलबर्ट यांनीं फेब्रुवारी १८८३ त तदनुसार बिल मांडलें. ज्यांना या बिलाचा प्रत्यक्ष लाभ व्हावयाचा अशा हिंदी सिव्हिलियनांची संख्या तेव्हां बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांतील ज्येष्ठ सत्येंद्रनाथ ठाकूर हे आपल्याच मुंबई इलाख्यांत, त्या वर्षीं कारवार येथें, न्यायाधीश होते.

इतक्या अल्प बदलावर केवढें वादळ उठलें! २८ फेब्रुवारी १८८३ रोजीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलांत गोऱ्या रहिवाशांची प्रचंड सभा भरली. तींत केझविक या व्यापाऱ्याचीं व ब्रॅन्सन या बॅरिस्टराचीं भाषणें झालीं. ब्रॅन्सननें बंगाली लोकांविषयीं इतके अपशब्द वापरले कीं हिंदी वकिलांनीं त्याच्यावर बहिष्कार टाकला व पुढें त्याला जाहीर माफी मागावी लागली. संरक्षण-संघ स्थापन झाला, वर्गण्या जमल्या, आसामांतील चहामळेवाले व बिहारांतील निळीचे मळेवाले यांनीं सभांमागून सभा भरविल्या. स्वयंसेवक पलटणींतून सामुदायिक राजीनामे देण्याच्या धमक्या निघाल्या. व्हाइसरॉयांस उचलून चांदपाल घाटावरून आगबोटींत घालून विलायतेस रवाना करण्याचा एक कट शिजला होता, असें बकलंडनें आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. बंगालचे नवे लेफ्टनंट गव्हर्नर रिव्हर्स थॉम्सन हे स्वतः बिलाच्या विरुद्ध होते, ही गोष्ट चळवळीस पोषकच ठरली.

आतां या चळवळीचे कागद पाहूं. ते ढोबळ मानानें दोन जातींचे आहेत. सरकारास व पार्लमेंटास धाडलेल्या अर्जांची भाषा जन्मसिद्ध हक्कांची, स्वजातीयांच्या ज्यूरीची, प्राचीन इंग्रजी स्वातंत्र्याची. तेवढेच अर्ज ज्याच्या हातीं लागतील त्याला हा केवळ घटनात्मक झगडा वाटेल. परंतु 'इंग्लिशमन' पत्रांतील त्या महिन्यांचीं पत्रें व सभांचे वृत्तांत वाचले म्हणजे निराळाच सूर ऐकूं येतो. अ‍ॅनेट बेव्हरिज यांचें पत्र मार्च १८८३ त तेथेंच छापलें. ही बाई १८७२ मध्यें बंगाली मुलींच्या शिक्षणाकरितां आपण होऊन कलकत्त्यास आलेली. तिचें म्हणणें असें कीं, हा विरोध वंशाभिमानाचा नसून स्त्रीत्वाच्या अभिमानाचा आहे. ज्या समाजानें स्वतःच्या स्त्रियांस हीन स्थितींत ठेवलें त्यांतील पुरुषांपुढें आम्हांस उभें करूं नये. आक्षेपाचा आधार अगदींच खोटा नव्हता, हें आपण कबूल केलें पाहिजे. तथापि एका समाजाच्या दोषावरून त्यांतील प्रत्येक न्यायाधीश नालायक ठरविणें, हेंच तर वर्णद्वेषाचें मुख्य लक्षण! यजमान बिलाच्या बाजूस, पत्नी विरुद्ध. आणि तिचा पूर्वग्रह अज्ञानांतून नव्हे, तर निराश झालेल्या सदिच्छेंतून आलेला. अशा मनुष्याला एका शब्दांत निकालांत काढणें संशोधकास शोभत नाहीं.

मग अर्जांतील कारण खरें कीं वृत्तपत्रांतील? आमच्या मतें कसोटी शब्दांत नाहीं, आचरणांत आहे. कलकत्त्याचे गोरे १८७७ पासून हिंदी मॅजिस्ट्रेटांपुढें उभे राहत होते आणि १८८२ त सर रमेशचंद्र मित्र यांनीं तेथील हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीशाचें काम हंगामी पाहिलें होतें. तेव्हां आकाश कोसळलें नाहीं. हिंदी माणसास न्याय समजत नाहीं हें कारण खरें असतें, तर ओरड आधींच व्हावयास हवी होती. राजधानींत बॅरिस्टर व वृत्तपत्रें हाताशीं असत आणि आडबाजूच्या मळेवाल्यास खोट्या खटल्यांचें भय वाटे, हेंही लक्षांत घेतलें पाहिजे. मळेवाल्याचा स्वार्थ उघड होता: मजुराला मारहाण केल्याचा खटला आपल्याच क्लबांतील माणसापुढें चालावा. परंतु कलकत्त्यांतील कारकुनाला असा कोणता मळा होता? ज्या मिश्रवंशीयांस एरवीं क्लबांत बरोबरीचें स्थान नसे, त्यांसही या वेळीं संख्येसाठीं जवळ घेण्यांत आलें. भिन्न स्वार्थांच्या या लोकांस एकत्र सांधणारा चुना वर्णाचाच होता. स्वार्थानें चळवळ उभी केली असेल; द्वेषानें ती पसरविली.

१८८३ च्या डिसेंबरांत तडजोड झाली आणि २५ जानेवारी १८८४ रोजीं कायदा मंजूर झाला. हिंदी जिल्हा मॅजिस्ट्रेटास व सेशन्स जज्जास अधिकार मिळाला. मात्र गोऱ्या आरोपीस निदान निम्मे सभासद यूरोपियन किंवा अमेरिकन असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क देण्यांत आला. म्हणजे जुने हक्क राखण्यासाठीं अर्ज करणाऱ्यांनीं, जिल्हा मॅजिस्ट्रेटापुढें कोणत्याही हिंदी आरोपीस नसलेला एक नवा हक्क पदरांत पाडून घेतला. तो किती मोलाचा होता हें पूर्वींच्या एका खटल्यावरून कळेल. आग्र्याच्या फुलर नांवाच्या गोऱ्या वकिलानें मारल्यावर त्याचा मोतद्दार मेला. शिक्षा झाली तीस रुपये दंड. लॉर्ड लिटननें १८७६ त या निकालावर कडक ताशेरा झाडला, म्हणून तें प्रकरण आपणांस माहीत तरी आहे.

आपल्याकडे २८ एप्रिल १८८३ रोजीं मुंबईच्या टाऊन हॉलांत बिलाच्या समर्थनार्थ सभा झाली. बद्रुद्दीन तय्यबजी, काशिनाथ त्र्यंबक तेलंग व फेरोजशहा मेहता बोलले. तीं भाषणें संयमाचीं आहेत व ब्रॅन्सनच्या भाषणाशेजारीं ठेवून वाचण्याजोगीं आहेत. पण दोन्ही बाजूंचे कागद चाळतांना मळ्यांतील मजूर स्वतः क्वचितच बोलतो. ज्याच्या पाठीवर हा प्रश्न खरोखर लिहिला जात होता, त्याची सही कोणत्या अर्जावर शोधावी?

हे भेद १९२३ च्या कायद्यानें बरेच कमी झाले व १९४९ त पूर्णपणें काढून टाकण्यांत आले. म्हणून तत्पूर्वींचें एखादें फौजदारी दप्तर संग्राहकांच्या हातीं येईल, तर आरोपीनें 'यूरोपियन ब्रिटिश प्रजाजन' म्हणून हक्क सांगितला होता काय, आणि ज्यूरींत कोणाचीं नांवें होतीं, एवढें आधीं टिपून ठेवावें. निकालपत्र मागाहून वाचावें.