ग्रंथालयशास्त्र शिक्षणाचा इतिहास आणि त्याचे अभिलेख : बडोदे ते मराठवाडा

प्रस्तावना :
ग्रंथालयशास्त्र हे मूलतः नोंदींचे शास्त्र होय. परंतु हे शास्त्र शिकविणाऱ्या विभागांच्या स्वतःच्या नोंदी मात्र बहुधा दुर्लक्षित राहतात. या नोंदींचे महत्त्व स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बडोद्याचा वर्ग :
महाराजा सयाजीराव गायकवाड (तृतीय) यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास पाचारण केले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९११ मध्ये सुरू झालेला प्रशिक्षणवर्ग हा भारतातील पहिला मानला जातो. पुढे १९१५ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात, तर १९२९ मध्ये मद्रास येथे असे वर्ग निघाले. डॉ. रंगनाथन यांच्या पुढाकाराने सुरू झालेला मद्रासचा वर्ग १९३१ मध्ये विद्यापीठाकडे आला.

बॉर्डन १९१३ मध्ये मायदेशी परतले, तरीही बडोद्याचे कार्य विस्मृतीत गेले नाही. इंग्रजी, गुजराती व मराठी या तीन भाषांतील 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिक आणि ज. स. कुडाळकर यांचा या चळवळीवरील १९१९ चा इंग्रजी ग्रंथ यांमुळे त्याचा लेखी पुरावा उरला. म्हणजेच कार्याइतकीच त्याची नोंदही इतिहासाला आवश्यक असते.

मराठवाड्यातील स्थिती :
आपल्या विभागात ही अडचण अधिक जाणवते. निजामकाळात येथील उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ व १९९४ मध्ये नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. परिणामी हिंगोलीतील एखाद्या जुन्या महाविद्यालयाचा पत्रव्यवहार दोन विद्यापीठांत व दोन जिल्ह्यांत विखुरलेला असू शकतो. संशोधकाने प्रथम वर्ष व नंतर तत्कालीन अधिकारक्षेत्र निश्चित केले, तरच मूळ कागद सापडतो.

कोणते अभिलेख जपावेत? :
प्रवेश नोंदवही, अभ्यासक्रम, अभ्यासमंडळाची इतिवृत्ते, प्रश्नपत्रिका, लघुप्रबंध आणि विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या तालिकापत्रांचे नमुने हे अभिलेख महत्त्वाचे आहेत. हस्तलिखित तालिकापत्राकडून संगणकीय तालिकेकडे झालेले स्थित्यंतर त्यांतूनच दिसते. अभिलेखशास्त्रानुसार ज्या कार्यालयाने कागद निर्माण केले, त्याच्या क्रमानेच ते एकत्र ठेवावेत. विषयवार विभागणी केल्यास त्यांचा परस्परसंबंध तुटतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने अभिलेख सूचिबद्ध ठेवणे बंधनकारक आहे. तथापि जागेअभावी जुने कागद रद्दीत काढताना ग्रंथपालाचे मत क्वचितच विचारले जाते.

समारोप :
ग्रंथाचे निर्लेखन केल्यास त्याची दुसरी प्रत अन्यत्र मिळू शकते; प्रवेश नोंदवहीची दुसरी प्रत सहसा नसते. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने रद्दी काढण्यापूर्वी कागदांची यादी करून ती ग्रंथपालाकडून तपासून घ्यावी. एवढी दक्षता घेतली, तरी मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासाची साधने पुढील पिढीच्या हाती राहतील.