इंजिनातील तेल मोजणारी पट्टी

मोटारीच्या इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइल पॅनमध्ये, म्हणजे वंगणतेलाच्या पात्रात, किती तेल आहे हे दाखवणाऱ्या धातूच्या लवचीक पट्टीस डिपस्टिक म्हणतात. तिच्या टोकाशी किमान व कमाल अशा दोन खुणा असतात. टेकडीच्या उतारावर उभ्या केलेल्या गाडीत तेल एका बाजूस सरकते व पट्टी फसवते, म्हणून गाडी सपाट जागी आणून, इंजिन बंद करून, वर चढलेले तेल खाली उतरेपर्यंत काही मिनिटे थांबावे आणि पट्टी फडक्याने पुसून, पुन्हा पूर्ण आत घालून मगच वाचावी. पहिल्या खेपेस तिला, ती ज्या नळीत बसते त्या नळीतले तेल माखलेले असते. कमाल खुणेच्या वर तेल भरणेही घातकच, कारण क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातील फिरणारा दांडा, ते घुसळून फेस करतो व वंगण कमी पडते.