चित्रवेगास लगाम

संगणकावरील खेळ हा विषय आतां सुशिक्षित कुटुंबांत नवा राहिलेला नाहीं. ते मुलांनीं किती वेळ खेळावे, यावर घरोघरीं वाद होतात. परंतु खेळ चालूं असतांना तें यंत्र किती राबतें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. यंत्राचा पंखा घोंघावूं लागला, खोली तापली, विजेचें बिल फुगलें, म्हणजे वडील मंडळी म्हणतात, ‘खेळच बंद करा’. मुलें म्हणतात, ‘यंत्र जुनें झालें, नवें आणा.’ या दोन्ही उपायांच्या आधीं करून पाहण्यासारखा, एका पैचाही खर्च नसलेला तिसरा उपाय आहे. त्याचीच माहिती येथें देण्याचें योजिलें आहे.

पडद्यावरील हालचाल ही वस्तुतः हालचाल नव्हेच. स्थिर चित्रें एकामागून एक त्वरेनें डोळ्यांपुढून गेलीं, कीं मन त्यांस जोडून घेतें. मूकपटांच्या काळीं यंत्राचा दांडा बहुधा हातानें फिरवीत. त्यामुळें चित्रांचा वेग कमीजास्त होई. पुढें बोलपट आले. वेग बदलला तर आवाजही बिघडणार, म्हणून दर सेकंदास २४ चित्रें हें प्रमाण कायम झालें. खेळांतही युक्ति हीच आहे. दर सेकंदास जितकीं चित्रें निघतात त्या संख्येस ‘फ्रेम रेट’ म्हणतात. आपण तिला ‘चित्रवेग’ म्हणूं.

मात्र दोहोंत एक मोठा भेद आहे. चित्रपटाचीं चित्रें आधींच काढून ठेवलेलीं असतात. खेळाचें प्रत्येक चित्र यंत्राला त्या क्षणीं नव्यानें रेखावें लागतें. ‘पुरे’ म्हणणारा कोणी नसेल, तर एक चित्र संपतांच तें दुसरें हातीं घेतें. देखावा गुंतागुंतीचा असेल तेथें सेकंदास ४० चित्रें निघतील, मोकळ्या ठिकाणीं ३०० निघतील. परंतु साधा पडदा सेकंदास ६० वेळांच नवें चित्र दाखवूं शकतो. पंगतींत साठ पानें मांडलीं असतां तीनशें माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यासारखी ही गत झाली. इतकेंच नव्हे, तर पडदा एक चित्र दाखवीत असतां मध्येंच दुसरें येऊन पडतें, आणि वरचा भाग एका चित्राचा व खालचा दुसऱ्याचा, असा फाटका देखावा दिसतो.

वेगाला मर्यादा नसली, म्हणजे कित्येकदां खेळाचे नियमच बिघडतात. जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं ताइतो कंपनीसाठीं रचलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ १९७८ सालीं निघाला. त्यांत शत्रु जसजसे मरत, तसतसें यंत्राचें काम हलकें होई व उरलेले शत्रु अधिक वेगानें चाल करीत. त्यामुळें खेळास रंग चढे, म्हणून कर्त्यानें तें तसेंच ठेविलें. पण प्रत्येक वेळीं दैव असें अनुकूल नसतें. आय.बी.एम. कंपनीचा १९८१ सालचा घरगुती संगणक ४.७७ मेगाहर्ट्झ वेगानें चाले, आणि कित्येक खेळ त्या वेगावरच बेतलेले होते. पुढें जलद यंत्रें आलीं, तेव्हां हे खेळ इतके धांवूं लागले कीं, माणसाचा हात पोंचेना. अखेर पुष्कळ संगणकांवर ‘टर्बो’ नांवाचें बटण बसवावें लागलें. आणि नांव वेगाचें असलें, तरी त्याचा एक मुख्य उपयोग वेग कमी करण्याचा होता!

हा दोष अलीकडेही दिसला आहे. २०१४ सालच्या ‘डार्क सोल्स २’ या खेळांत सेकंदास ६० चित्रें काढणाऱ्यांचीं शस्त्रें ३० चित्रांवर खेळणाऱ्यांपेक्षां लवकर झिजत. कारण झीज घड्याळावर न मोजतां चित्रांवर मोजली जात होती. २०१५ सालीं ही चूक दुरुस्त झाली.

खेळाचे नियम बिघडले नाहींत, तरी यंत्राचा ताप उरतोच. २०१० सालीं ‘स्टारक्राफ्ट २’ हा खेळ निघाला, तेव्हां युद्ध चालूं नसतांना दिसणाऱ्या साध्या पडद्यांवरच यंत्रें तापत असल्याच्या तक्रारी आल्या. देखावा सोपा असल्यामुळें यंत्र पूर्ण शक्तीनें चित्रामागून चित्र काढीत होतें! चित्रवेगाची मर्यादा लिहून ठेवावी, असा उपाय कर्त्या कंपनीनेंच सुचविला.

या शक्तीचें मान लक्षांत घ्यावें. एनव्हिडिया कंपनीच्या २०२२ सालच्या ‘आरटीएक्स ४०९०’ या ग्राफिक्स कार्डाची वीज ओढण्याची मर्यादा ४५० वॅट आहे. म्हणजे ७५ वॅटचे सहा छतपंखे एकदम चालविल्यासारखें होय. ती जवळजवळ सर्व वीज उष्णता होऊन खोलींतच उतरते. समजा, लगाम घातल्यानें १५० वॅट वांचले व खेळ रोज दोन तास चालला, तर ३० दिवसांत ९ युनिट वांचतील. शिवाय पंख्याचा आवाज उतरेल, आणि शेजारच्या खोलींत अभ्यास करणाऱ्या मुलास व झोपलेल्या आजोबांस स्वस्थता लाभेल.

येथें मुलांची बाजूही ऐकली पाहिजे. चित्रवेग जास्त असला म्हणजे हाताची खूण पडद्यावर लवकर उमटते, हें त्यांचें म्हणणें खरें आहे. ज्यांचा पडदा सेकंदास १४४ किंवा २४० वेळां बदलतो आणि जे चढाओढीचे खेळ खेळतात, त्यांस तो वेग उपयोगी पडतो. परंतु साध्या पडद्यावर कथाप्रधान खेळ खेळणाऱ्यास त्याचा लाभ अल्प आहे. त्याला वेगापेक्षां सारखेपणा अधिक हितकर. साठ वेळां बदलणाऱ्या पडद्याशीं मेळ राखून सेकंदास ४५ चित्रें दाखविलीं, तर दर तिहींपैकीं एक चित्र दोन वेळां दिसून चाल अडखळते. ३० चित्रें मात्र प्रत्येकीं दोनदां दिसून गति एकसारखी राहते.

कृति सोपी आहे. बहुतेक खेळांच्या सेटिंगमध्यें ‘फ्रेम रेट लिमिट’ किंवा ‘व्ही-सिंक’ असा पर्याय असतो. पडदा साठाचा असेल तर मर्यादा ६० ठेवावी. यंत्र तेवढें सतत पेलीत नसेल तर ३० करावी. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपांत याचा गुण विशेष जाणवतो. इतकें करूनही यंत्र तापत असेल, तर आंतील धूळ काढून हवा खेळती करावी.

असो. खेळ किती वेळ चालावा, हा वडिलांचा व मुलांचा आपसांतील प्रश्न आहे. तो या उपायानें सुटणार नाहीं. परंतु न दिसणाऱ्या चित्रांसाठीं वीज जाळूं नये, याविषयीं दोघांचें एकमत होण्यास हरकत नसावी. नव्या यंत्राची मागणी घरांत निघेल, तेव्हां आधीं मुलालाच हा लगाम घालून दाखविण्यास सांगावें आणि आठ दिवस वाट पहावी. पुष्कळ घरांत ती मागणी पुढील वर्षावर सहज ढकलतां येईल.