सज्जातील बाग : लेखांक सातवा – पसरणारा पिटुनिया

वांगे, मिरची आणि तंबाखू ज्या कुळात जन्मास येतात, त्याच कुळातील हा पिटुनिया दक्षिण अमेरिकेतून जगभर गेला. परंतु वीतभर उंचीच्या आत राहून तीन-चार फुटांपर्यंत आडवा धावणारा, आणि केवळ शेंड्यावर नव्हे तर फांदीच्या सबंध लांबीवर फुलणारा ‘वेव्ह’ हा जो त्याचा प्रकार, तो जपानातील किरीन या बिअर गाळणाऱ्या कंपनीने सिद्ध केला, आणि १९९५ साली त्यातील जांभळ्या वाणास ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’चा बहुमान लाभला. मद्याच्या कारखानदारांनी लोकांच्या खिडक्या फुलांनी भरून द्याव्यात, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते.

कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना शहाडनंतर लागणाऱ्या आमच्या आंबिवलीत चार महिने जो पाऊस कोसळतो, त्यात या झाडाच्या नाजूक पाकळ्या कुजतात आणि मुळांचा निकाल लागतो. सबब येथे त्याची मुदत दसऱ्यापासून होळीपर्यंतची समजावी. जूनमध्ये रोपे आणून भाद्रपदात रोपवाटिकेच्या नावाने बोटे मोडणारे गृहस्थ पुष्कळ आहेत. त्यांच्या तक्रारीत मला तथ्य दिसत नाही.

पाऊस ओसरताच बी पेरावे. एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार भरेल इतके ते बारीक असते, आणि अंकुरण्यास त्याला उजेड लागत असल्यामुळे त्यावर माती लोटण्याचा मोह आवरून, ओलसर मिश्रणाच्या पृष्ठभागी ते नुसते टेकवावे व पाणी ट्रेच्या बुडातून शोषू द्यावे. एवढी दगदग नको असेल त्याने दिवाळीनंतर तयार रोपे घ्यावीत, त्यात कमीपणा नाही.

लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत यांचे निचरा होणारे मिश्रण, निदान पाच-सहा तासांचे ऊन, आणि दर आठवड्यास पातळ खताची मात्रा एवढी तजवीज केल्यास जाळीच्या सज्जातून फांद्या आपोआप खाली झेपावतात; सुकलेली फुले खुडण्याची गरजही या प्रकारास सहसा पडत नाही. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर लोहाचा तुटवडा समजावा. माती वा पाणी अल्कधर्मी असल्यास हे हमखास घडते, आणि चिलेटेड लोह दिल्याने सुधारते.

एक पथ्य मात्र आमच्याकडे विशेष सांगावे लागते. तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणारा जो मोझॅक विषाणू आहे, तो पुडीतल्या वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो. त्यामुळे तळहातावर तंबाखू मळून, वर चुना लावून, त्याच बोटांनी मोठ्या प्रेमाने फांद्या सारख्या करणारे बागप्रेमी काका हेच झाडाचे मारेकरी ठरू शकतात. हात साबणाने स्वच्छ धुतल्याखेरीज त्यांना कुंडीजवळ फिरकू देऊ नये, मग ते वयाने कितीही वडील असोत. पाने चितकबरी होऊन आकसली, तर या रोगावर इलाज नसल्यामुळे झाड मुळासकट काढून टाकावे, आणि त्या मातीत टोमॅटो अथवा मिरची लावू नये.

बी धरून ठेवण्याचा खटाटोपही व्यर्थच, कारण संकरित वाणाची संतती मूळ गुण राखीत नाही. होळीनंतर उन्हाने झाड उतरणीस लागले की ते उपटून निरोगी कुंडी मोकळी करावी. तीत सदाफुली कशी लावावी, ते पुढील आठवड्यात पाहू.