समृद्धीवर क्रूझ लावताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कामरगावची गाडी कारंज्याच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गावर चढली की हात आपसूक क्रूझ कंट्रोलच्या बटणाकडे जातो. कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा, रस्ता सरळ, दुचाकींना बंदी. पुढच्या वाहनाच्या वेगानुसार आपला वेग कमी-जास्त करणारी अडॅप्टिव्ह क्रूझ आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही मिळते. सोय चांगली आहे, पण ऐकीव माहितीवर वापरण्यासारखी नाही.

गैरसमज : पुढे काहीही आलं तरी गाडी आपोआप थांबते.

वस्तुस्थिती : ही यंत्रणा मुळात चालत्या वाहनामागे जाण्यासाठी आहे. रडारला दिशाफलक, कठडे, वरून जाणारे पूल अशा असंख्य स्थिर गोष्टी जाणवतात. प्रत्येकीसाठी ब्रेक लागले तर गाडी चालायचीच नाही. म्हणून अनेक यंत्रणा जास्त वेगात स्थिर वस्तूंचे संकेत गाळतात, आणि त्यात पंक्चर होऊन उभा राहिलेला ट्रकही गळू शकतो. गाडीच्या माहितीपुस्तकात हा इशारा असतो. ते पुस्तक मात्र बहुतेकांकडे प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच येत नाही. सर्वांत वाईट प्रसंग असा : पुढची कार उभा ट्रक पाहून ऐनवेळी लेन बदलते. तुमच्या क्रूझला वाटतं, रस्ता मोकळा झाला, आणि ती वेग वाढवू लागते.

उभ्या वाहनाचा धोका इथे कल्पनेतला नाही. १५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ समृद्धीवर टेम्पो ट्रॅव्हलर थांबलेल्या कंटेनरवर आदळून १२ जण गेले. त्याचा क्रूझशी संबंध नव्हता, पण रस्ता तोच आहे.

गैरसमज : अंतर कितीही कमी ठेवलं तरी ब्रेक वेळेत लागतील.

वस्तुस्थिती : ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. आयएसओ १५६२२ या मानकानुसार या वेगात क्रूझने दर सेकंदाला ३.५ मीटर प्रति सेकंद यापेक्षा जोरात वेग उतरवायचा नसतो. त्या हिशेबाने गाडी थांबायला सुमारे १६० मीटर लागतात. कोरड्या रस्त्यावर पायाने करकचून दाबलेला ब्रेक याच्या निम्म्याहून कमी अंतरात थांबवतो. आणीबाणीचा स्वयंचलित ब्रेक ही वेगळी यंत्रणा, आणि तीही हमखास नाही. तेव्हा अंतराची सर्वांत लांबची पायरी निवडा, पाय ब्रेकजवळ ठेवा.

गैरसमज : लेनही गाडीच सांभाळते, मग डुलकी चालेल.

वस्तुस्थिती : नाही. जबाबदारी पूर्ण चालकाचीच.

कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या परिसरात आडवा धावणारा प्राणी क्रूझ ओळखेलच असं नाही. मुसळधार पावसात किंवा सेन्सरवर चिखल बसला की ती बंदही पडते. आणि कामरगाव-कारंजा रस्त्यावर, जिथे विनारिफ्लेक्टर ट्रॉल्या, बैलगाड्या आणि रोही आहेत, तिथे ती लावूच नये.

समृद्धीवरून उतरतानाही ती आधीच बंद करा. समोरचा ट्रक सरळ निघून जातो, तुम्ही वळणाच्या रॅम्पवर येता, आणि मोकळा रस्ता दिसताच गाडी पुन्हा ठरवलेल्या १२० कडे धावू शकते.